रुखवतातला बंगला

वडगावात कुणाच्या घरी लग्न निघालं की हॉल ठरायच्या आधी एक माणूस ठरायचं, ते म्हणजे जयाबाई. तिला सगळी गल्ली आक्काच म्हणायची. रुखवत मांडायचं तर आक्काच पाहिजे. बाकीच्या बायका शेवयांचे डोंगर करतील, रंगीत नारळ करतील, सुपाऱ्यांना फेटे बांधतील; पण रुखवतातलं घर, आत सोफा, खाट, झोपाळा, आरशाचं टेबल असलेलं, हाताच्या बोटावर मावेल असलं फर्निचर, ते फक्त आक्काच्या हातचं. धाकट्या बहिणींची लग्नं झाली तेव्हापासून ती हे करत होती. मग चुलत्यांच्या पोरी आल्या, मग शेजारणींच्या, मग त्या शेजारणींच्या पोरींच्याही पोरी यायला लागल्या. आक्काचं स्वतःचं लग्न तेवढं मधल्या मध्ये राहून गेलं. वडील गेले, घरात माग होते, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला माणूस पाहिजे होतं, आणि एक स्थळ आलं तर बहिणीचं ठरायचं होतं, दुसरं आलं तर भावाची, रविराजची परीक्षा होती. असं करत करत वय निघून गेलं. ह्यात कुणाचा दोष काढायला गेलं तर कुणाचाच निघत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

आता रविराजच्या मुलीचं, सौम्याचं लग्न ठरलं होतं. मुलगा निपाणीचा, घरचं बरं होतं. रविराज म्हणजे आक्काचा एकुलता धाकटा भाऊ. त्यानं दिवाळीच्या तोंडावर माग विकून टाकले. पॉवरलूममध्ये आता काही राम उरला नव्हता, हे आक्कालाही कळत होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. त्या पैशात आणि बँकेच्या पैशात त्यानं कंग्राळीला प्लॉटवर दोन मजली घर काढलं. लग्नाच्या आत घर पुरं करायचं आणि पाहुण्यांना त्यातच उतरवायचं, असा त्याचा बेत होता. पण बांधकाम कधी कुणाच्या बेतानं झालंय? गिलावा राहिला, फरशी राहिली, आणि लग्न तर डोक्यावर आलं. तेव्हा रविराजला नवीन सुचलं. रुखवतात घर मांडायचंच आहे ना, तर मग कुठलं तरी कशाला, आपलाच बंगला मांडू. खोलीला खोली, खिडकीला खिडकी. निपाणीच्या लोकांनी बघितलं पाहिजे.

आक्का दमली होती. नुसतं त्या आठवड्यात दमली असं नव्हे, तर आतून, हाडापासून दमली होती. बोटांना मुंग्या यायच्या, चष्मा लावूनही चिमट्यात धरलेल्या एका काडीच्या दोन दिसायच्या. तिला म्हणायचं होतं की रवी, ह्यावेळी बाजारातनं तयार आण, हल्ली सगळं मिळतंय. पण सौम्या तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. तिच्या रुखवताला आत्तीचं घर नाही म्हटल्यावर गल्लीत चार तोंडं चार बाजूंनी बोलली असती. तेव्हा आक्का बरं म्हणाली. आक्का नेहमीच बरं म्हणायची.

घर हुबेहूब करायचं तर बघायला पाहिजे, म्हणून एका रविवारी रविराज तिला स्कूटरवर मागं बसवून कंग्राळीला घेऊन गेला. सिमेंटची पोती ओलांडत त्यानं तिला सगळीकडं फिरवलं. हा हॉल, इथं एल आकाराचा सोफा. हे किचन, इथं ओटा, वर कपाटं. हे देवघर. ही खालची खोली त्याची आणि स्वरूपाची, म्हणजे त्याच्या बायकोची. इथं मोठा पलंग आणि भिंतभर वॉर्डरोब. वर साईराजची खोली, पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला अभ्यासाचं टेबल. आणि वरच पुढच्या बाजूला, बाल्कनी असलेली, ती पाहुण्यांची. सौम्या आणि जावई येतील, निपाणीचं कुणी येईल, त्यांच्यासाठी डबल बेड. गुंडूअण्णा सुताराला सगळं सांगून ठेवलंय म्हणाला. खोल्या दाखवताना त्याचा चेहरा असा फुलला होता की आक्कालाही बरं वाटलं. बापाविना वाढलेलं पोर, त्यानं घर बांधलं.

बरं वाटत असतानाच ती मनातल्या मनात खोल्या मोजत होती. जिना उतरून खाली आली, पुन्हा किचनमध्ये डोकावली, मागच्या दारानं मोरी बघितली. मग तिच्या लक्षात आलं की तिची खोली संपूर्ण घरात कुठंच नाही.

आता ह्यात रविराजनं मुद्दाम काही केलं होतं असं समजू नका. तो तसला माणूस नाही. झालं होतं असं, की वडगावच्या घरात आक्का मागाच्या खोलीत झोपायची. माग आणि भिंत ह्यांच्यामध्ये सतरंजी टाकायची आणि पडायची. रात्रपाळीला माग खडखडत असले तरी तिला गाढ झोप लागायची. लाईट जाऊन माग थांबले की मात्र ती दचकून उठायची. मागवाल्यांच्या घरात असंच असतं. त्यामुळं ‘आक्काची खोली’ असा शब्दच त्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. मागाची खोली होती आणि तिच्यात आक्का होती. नव्या घरात माग नव्हते. इंजिनिअरनं विचारलं घरात कोण कोण, रविराजनं सांगितलं, आणि कुठल्या खोल्या पाहिजेत म्हटल्यावर मागाची खोली गळाली. तिच्याबरोबर आक्काही गळाली. एवढं साधं होतं ते.

ती विचारू शकली असती. रवी, माझं कुठं? इतकंच म्हणायचं होतं. स्कूटरवर परत येताना वेळही होता. विचारलं असतं तर त्यानं दिली असती की जागा, नाही कशाला म्हणाला असता? पण मागून घेतलेली जागा आणि कुणी आपणहून ठेवलेली जागा ह्यात फरक आहे. आक्काला दुसरी पाहिजे होती. जन्मभर एकदाही काही मागितलं नव्हतं, आता ह्या वयात खाटेसाठी तोंड वेंगाडायचं, ह्याची तिला लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर रागही येत होता.

मग तिनं एक ठरवलं. सांगितलं तसंच घर करायचं, त्यात एक काडी जास्त नाही. कुणीतरी बघेल आणि म्हणेल, अरे, आक्काचं राहिलं की.

कामाला बसली. माग विकताना मोडक्या लाकडी कांड्या भंगारवाल्यानं नेल्या नव्हत्या, त्या तिनं पोतंभर ठेवल्या होत्या. कांडी करवतीच्या पात्यानं कापली की टेबलाचा पाय होतो, उभी चिरली की खुर्चीचा हात. काचपेपरनं घासायचं, फेविकॉलनं डकवायचं, सुकेपर्यंत वर वाटी पालथी घालून ठेवायची. सोफ्याला साडीच्या काठाचं कापड, गाद्यांत सुताचा गुंता. मोठा पलंग केला, त्याला डोक्याकडं कोरीव फळी केली. साईराजचं टेबल केलं. किचनच्या कपाटांना मण्यांच्या मुठी लावल्या. पूर्वी असलं काम करताना ती गुणगुणायची. ह्यावेळी मात्र एक वस्तू झाली की हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहायची. मग दुसरी उचलायची.

घरातली माणसं येता-जाता बघत होती. स्वरूपानं टीव्ही मोठा करायला सांगितला, आपला मोठा घ्यायचाय म्हणाली. साईराजला पोर्चमध्ये कुत्र्याचं घर पाहिजे होतं. नव्या घरी गेल्यावर कुत्रा आणायचं त्याच्या मनात होतं. रविराजला पोर्चमध्ये लाल गाडी हवी होती. गाडी अजून घेतलेली नव्हती, कुत्रा अजून जन्मला होता की नाही कुणाला ठाऊक, पण दोघांची जागा ठरलेली होती. आक्कानं गाडी केली. कुत्र्याचं घरही केलं, त्याला उतरतं छप्पर केलं. छप्पर डकवताना मात्र तिला रडू आलं. ती उठून मोरीत गेली, तोंड धुतलं, आणि परत येऊन बसली.

सौम्या मेंदीवाली, पार्लरवाली, ब्लाऊजवाली ह्यांच्यात अडकलेली. तरी एकदा येऊन आक्काच्या गळ्यात पडली, लई भारी झालंय आत्ती म्हणाली, फोटो काढून निपाणीला पाठवला आणि गेली. तिकडून लगेच हृदयं आली. खाटा कुणी मोजल्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारापाशी लांब टेबलावर रुखवत मांडलं. मधोमध बंगला. त्याचं छप्पर आणि एक बाजू उघडी ठेवली होती, म्हणजे खालवरच्या सगळ्या खोल्या दिसाव्यात. पुढं सोनेरी अक्षरांची पाटी, ‘वधू सौम्या हिने स्वहस्ते तयार केलेले’. असं लिहायची पद्धतच आहे, सगळ्यांच्या रुखवतात लिहितात, आणि सगळ्यांना ठाऊक असतं. ती पाटीही आक्कानंच कापली होती.

लोक येत होते, वाकून बघत होते. रविराज एकेकाला बोट दाखवून खोल्या सांगत होता. निपाणीचे व्याही म्हणाले, व्वा, गाडीसुद्धा! आक्का टेबलामागं खुर्चीवर बसून होती, कुणी पोर हात लावेल म्हणून. प्रत्येक माणूस वाकला की ती त्याच्या तोंडाकडं बघायची. हा म्हणेल. ही म्हणेल. तिची सख्खी धाकटी बहीण आली, तिनं तर डोळे मोठे करून बघितलं, आणि पडद्याचं कापड कुठल्या साडीचं एवढंच विचारलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, लोक जेवायला निघाले. टेबलापाशी कुणी राहिलं नाही. आक्काला वाटलं, झालं. आता घरी जायचं, आणि गृहप्रवेश झाला की हॉलच्या कोपऱ्यात सतरंजी टाकायची. चिडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तेव्हा निपाणीकडची एक म्हातारी हळूहळू चालत आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. ती राजाबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आत्ती. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून भावाच्याच घरी. भावाची पोरं तिनंच वाढवली, हे बोलणीच्या वेळी आक्काला कळलं होतं. राजाबाई बंगल्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग पुढं सरकून आतल्या एकेका खोलीत तिनं बोट घातलं, जणू आतून फिरून आली. आणि मान वर करून सरळ विचारलं, “हे तुम्हीच केलंसा न्हवं? पाटी ऱ्हाऊ द्या. मग तुमची खाट कुठं हाय?”

ज्या प्रश्नासाठी आक्का इतके दिवस वाट बघत होती तो आला, तर तिच्या तोंडून काय निघावं? जे आयुष्यभर निघत आलं तेच निघालं.

“माझं काय, मी कुठंबी पडीन.”

राजाबाई हसली नाही. पदरानं चष्मा पुसला.

“मी बी असंच म्हणत आलो,” ती म्हणाली. “नवं घर बांधताना भावानं इचारलं हुतं बरं का. न्हाय असं न्हाय. मी म्हटलं, माझं काय. आता जिन्याखाली असतो. पावसाळ्यात चपला बी तिथंच ठेवत्यात.”

तिनं ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बसनं आलो, ऊन होतं, असं सांगावं तसं सांगितलं. आक्काला एकदम राजाबाईच्या उशाशी चपलांची रांग दिसली, ओल्या, चिखलाच्या. कुणीतरी म्हणेल म्हणून ती थांबली होती, आणि कुणी म्हटलंच तर माझं काय म्हणून तीच मोडता घालणार होती. म्हणजे आपणच आपल्याला घराबाहेर काढत होतो की, असं तिला वाटलं, आणि स्वतःचीच चीड आली.

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि जेवणाच्या पंगतीकडं गेली. रविराज व्याह्यांना आग्रह करत होता, हातात जिलेबीचं ताट. आक्कानं त्याला दंडाला धरलं.

“रवी, वरची पुढली खोली मला पायजे.”

त्याला आधी कळलंच नाही. रुखवतातलं काही मोडलं का म्हणून विचारलं. आक्कानं पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. व्याह्यांचा घास हातात राहिला. रविराज हसून कुजबुजला की आक्का, आत्ता कुठं हे, घरी गेल्यावर बोलू.

“घरी गेल्यावर मी गप बसतो, तुला ठावं हाय,” आक्का म्हणाली. “सगळ्यांच्या खाटा केल्या मी. कुत्र्याचं घर केलं. माझी खाट कुठं हाय, सांग.”

आणि मग रविराजच्या चेहऱ्यावर जे झालं ते आक्का कधी विसरली नाही. तो मनातल्या मनात घरात शिरला. हॉल, किचन, देवघर, खाली, वर. ओठ हलत होते. शेवटच्या खोलीपाशी तो थांबला आणि त्याचा रंगच उडाला. नाही द्यायची असं काही त्याच्या मनात नव्हतंच. त्याच्या मनात काहीच नव्हतं. ते जास्त वाईट होतं, आणि त्याचं त्यालाही ते कळलं.

“आगं पण पावणे आले म्हंजे...” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“पावणे हॉलात झोपतील. दोन दिसाचे असत्यात पावणे.”

हे व्याह्यांसमोर. स्वरूपानं लांबून कपाळावर हात मारला. आक्काला आपण काय बोलून बसलो ह्याची धास्ती वाटत होती, पण ती जागची हलली नाही. आत्ता हललो तर जिन्याखाली, एवढंच तिला कळत होतं.

रविराजनं ताट खाली ठेवलं. पंगतीत पलीकडं गुंडूअण्णा सुतार जेवायला बसला होता, पाहुणा म्हणून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. रविराजनं त्याला तिथूनच हाक मारली. “गुंडूअण्णा, वरच्या पुढल्या खोलीला डबल बेड नको आता. एकाची खाट कर. आक्काची खोली हाय ती.”

पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. गुंडूअण्णानं तोंडातला घास गिळला, मान हलवली, आणि सुतार तो सुतारच, आक्काकडं बघून विचारलं, “उंची किती ठेवू आक्का? आणि उशाला फळी पायजे काय साधीच करू?”

हजार वेळा खाटा केल्या असतील आक्कानं, नखाएवढ्या, बोटाएवढ्या. कुणाच्या खाटेला कसली फळी शोभेल हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. पण तुला कशी पाहिजे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. ती तिथंच, पंगतीच्या मधोमध, तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि मग ते थांबेचना.

बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरनं हात फिरवला. पोर चालली सासरी, आत्तीच्या जिवाला लागणारच, आईपरास जास्त केलंय हो तिनं, असं एकमेकींना सांगायला लागल्या. सौम्या शालू सावरत पळत आली आणि तीही रडायला लागली. आक्कानं तिला जवळ घेतलं आणि बायकांना काही सांगितलं नाही. भाची चालली ह्याचंही रडू त्यात होतंच, तेव्हा खोटं काही नव्हतं. समजावून सांगायला अंगात जीवही नव्हता.

रडू ओसरल्यावर तिनं बघितलं तर गुंडूअण्णा अजून तिच्याकडंच बघत बसलेला, ताटातला भात तसाच. त्याला माप पाहिजे होतं.

“गुडघ्याएवढी कर,” आक्का म्हणाली. “आता खालनं उठवत न्हाय मला.”

ही गोष्ट तिनं घरात आजवर कुणालाच सांगितली नव्हती.